रूबीसारखे लाल सँडल

शेजारच्या रूबीच्या लाल सँडलवर मी किती जळायचे, काय सांगू तुम्हाला! तिच्या बाबांनी मुंबईहून आणलेले. आमच्या पनवेलच्या बाजारात तसले मिळायचेच नाहीत. शेवटी आमचे अण्णाही मुंबईला निघाले. मापासाठी त्यांनी मला कागदावर उभं केलं आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवली. ते टोपी घ्यायला वळले, तेवढ्यात मी ती रेघ खोडून बाहेरून दुसरी ओढली. रूबीपेक्षा माझे मोठे नकोत का?

संध्याकाळी सँडल आले. पाय घातला, तर मागे चार बोटं जागा!

"अण्णा, एवढे मोठे?"

"मापापेक्षा एक नंबर मोठेच घेतले. वाढता पाय आहे तुझा."

आता खरं कुठल्या तोंडाने सांगणार? तेवढ्यात आईने सहज पाय घालून बघितला. तिला अगदी बरोब्बर!

"पडून कशाला राहायचे? तुझा पाय वाढला की तुलाच देईन हो," असं म्हणून दुसऱ्या दिवशी ती रूबीच्या दारावरून टक टक करत बाजारात गेली.

तेव्हापासून जळायला मला शेजारी बघायची गरजच उरली नाही.