घंटेला बांधलेलं बँडेज

सिस्टर : हे बँडेज ओळखता का, सर?

अधीक्षक : सिस्टर, आत्ता? अहो, वार्षिक कार्यक्रमाच्या पाहुण्या तिकडून निघाल्यात, माझं भाषण अजून अर्धवट आहे, आणि तुम्ही अजून युनिफॉर्ममध्येच? तुम्हाला स्टेजवर यायचंय. उत्कृष्ट वॉर्डची ढाल तुमच्या हातात द्यायची ठरलीय.

सिस्टर : ढाल कुठे पळून जात नाही. आधी बँडेज बघा.

अधीक्षक : बघितलं. बँडेज आहे. कोरं दिसतंय.

सिस्टर : कोरं नाही, वापरलेलं आहे. जखमेवर नव्हतं एवढंच. आमच्या वॉर्डातल्या घंटेच्या लोलकाला गुंडाळलेलं होतं. काय सुरेख गुंडाळलं होतं म्हणून सांगू! मोडलेल्या हाताला आपण इतकं नीट बांधत नाही.

अधीक्षक : अच्छा. ती घंटा.

सिस्टर : हो, तीच. नेमकी तुमच्या डोक्यावर येते. वाजली की तुम्ही इथे खाली बसून "शाळा सुटली" म्हणता ती.

अधीक्षक : गमतीत म्हणतो हो. तुमच्यापर्यंत पोचतं का सगळं?

सिस्टर : आमच्याकडे सगळं पोचतं. आज सकाळी फक्त घंटेचा आवाज पोचला नाही.

अधीक्षक : म्हणजे? काही झालं का?

हेडक्लार्क : साहेब, येऊ का? म्हणजे कसं आहे, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना कव्हरं कमी पडतायत. दुसऱ्या रांगेची काढून पुढे लावली तर चालेल का? आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर "उल्लेखनीय" लागोपाठ आलंय, एका ठिकाणी मी "लक्षणीय" करतो. ओहो, सिस्टरही आहेत. अभिनंदन हं सिस्टर!

सिस्टर : बरे आलात, भाऊसाहेब. आत या आणि दार लावून घ्या.

हेडक्लार्क : कव्हरांचं...

सिस्टर : उघड्या खुर्चीवर बसून कोणी आजारी पडत नाही. दार लावा.

अधीक्षक : सिस्टर, काय झालं ते सांगा आधी.

सिस्टर : खिडकीजवळच्या आजी बाथरूमला उठल्या. मावशी हाताला धरून नेत होत्या, आमच्या पद्धतीप्रमाणेच. दारात आजींना चक्कर आली आणि त्यांनी सगळं अंग टाकलं मावशींवर. मावशींनी एका हाताने त्यांना आवळून धरलं आणि दुसऱ्या हाताने घंटेची दोरी ओढली. काय आवाज आला असेल, सांगा बरं. ठप. पुन्हा ओढली. ठप. कोणीतरी गादी झटकतंय असा. आम्ही सगळ्या नर्सेसच्या खोलीत होतो, दोन पाळ्यांची बदली चालली होती. शेवटी मावशींचा हात सुटला.

अधीक्षक : अरे देवा. आजी?

सिस्टर : कोपर फुटलं. टाके पडले. एक्स-रे काढलाय, हाड शाबूत आहे. आपलं नशीब म्हणायचं, दुसरं काही नाही.

हेडक्लार्क : बघा! मी त्या वॉर्डबॉय मामाला नीट बजावलं होतं साहेब, कार्यक्रमापुरतंच म्हणून. हा मामा म्हणजे ना, एक सांगावं तर...

सिस्टर : भाऊसाहेब.

हेडक्लार्क : नाही, पण त्यानेच बांधलं, म्हणून म्हटलं.

सिस्टर : कोणी बांधलं ते मी विचारलेलंच नाही. विचारणारही नाही. सर, तुम्ही बसा. भाऊसाहेब, तुम्हीही टेका त्या स्टुलावर. आता मला एवढंच सांगा, कसं झालं?

अधीक्षक : सिस्टर, "कोणी" विचारायचं नाही हा तुमचा नियम वॉर्डापुरता आहे.

सिस्टर : असं कुठे ठरलं होतं? मला नाही आठवत.

अधीक्षक : ठीक आहे. विचारताय तर सांगतो. काल संध्याकाळी मी इथे बसून अहवाल वाचत होतो. सगळं छान जमून आलं होतं. डायलिसिसचं नवं मशीन आलं, बाहेरच्या रुग्णांना बसायला सावली झाली, लिफ्ट चालू झाली...

हेडक्लार्क : अखंडित चालू झाली, असं लिहिलंय.

अधीक्षक : अडकते अजून, ते जाऊ द्या. तर त्यात तुमच्या वॉर्डाचं पान आलं. पडण्याच्या घटना गेल्या वर्षापेक्षा कितीतरी जास्त. कागदावर असं दिसतं की माणसं आपल्याकडे बरी व्हायला नाही, पडायला येतात. आणि तेवढ्यात वर घंटा वाजली. मला वाटलं, उद्या मी भाषण करतोय, पाहुण्या समोर बसल्यात, आणि ही अशी वाजली तर? त्या विचारणार, ही घंटा कसली? काय सांगू? "बाईसाहेब, वर काहीतरी चुकलंय, म्हणून आनंदाने वाजवतायत"?

सिस्टर : मग?

अधीक्षक : मग मी भाऊसाहेबांना म्हटलं, उद्या कार्यक्रम आहे तोवर त्या घंटेचं काहीतरी बघा. बस, एवढंच म्हणालो.

हेडक्लार्क : आणि मी मामाला म्हटलं, सकाळी कार्यक्रमाआधी आवाज बंद कर. तो म्हणाला, सकाळी मला सतरंज्या अंथरायच्यात, विसरलो तर? म्हणून तो कालच बांधून मोकळा झाला. माणूस तसा कामाचा आहे हो. पण वॉर्डात सांगायचं... म्हणजे कसं आहे, मला वाटलं साहेबांनी सांगितलं असेल.

अधीक्षक : मला वाटलं तुम्ही सांगाल.

सिस्टर : आणि मामांना वाटलं, एवढ्या वरून हुकूम आलाय म्हणजे मला माहीत असणारच. झालं. कळलं कसं झालं ते? कोणी वाईट नव्हतं, कोणी आळशी नव्हतं. आणि आजींचं कोपर फुटलं.

अधीक्षक : लाजवू नका, सिस्टर.

सिस्टर : लाजवायला आले नाही मी. लाजवण्याचा धंदा आपण बंद केला, म्हणून तर घंटा लावली. घंटा लावायच्या आधी वॉर्डात काय चालायचं? पेशंट पडला की आधी पटकन उचलून कॉटवर ठेवायचा, मग एकमेकींची तोंडं बघायची, आणि मग सगळ्यांनी मिळून मूग गिळून बसायचं. नातेवाईक विचारायला आले की "नाही हो, निळं कशानं झालं काय माहीत". मीसुद्धा त्यातलीच. पडत तेव्हाही होते, सर. आम्ही सांगत नव्हतो.

अधीक्षक : ते मला कळतं हो. पण कागद वाचणाऱ्याला कसं कळणार?

सिस्टर : तुम्ही सांगितल्याशिवाय नाहीच कळणार. घंटा बसवली त्या दिवशी मी पोरींना शब्द दिला होता. कोणी पडलं, पडता पडता वाचलं, चुकीची गोळी हातात आली, तर ज्याच्याकडून झालं त्याने स्वतः घंटा वाजवायची. सगळे धावत येतील. कोणी केलं हे कोणीही विचारणार नाही. कसं झालं, एवढंच विचारायचं. आणि त्या "कसं"मुळेच बाथरूमच्या दाराला धरायला दांडा आला. कॉटच्या पायाशी दिवा आला. सारख्या दिसणाऱ्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत गेल्या. तुमच्या अहवालात "रुग्णसेवेत सुधारणा" म्हणून छापलंय ना, ते सगळं त्या घंटेतून निघालंय.

हेडक्लार्क : "लक्षणीय सुधारणा", सिस्टर.

सिस्टर : लक्षणीय तर लक्षणीय. आणि आता त्याच पोरी माझ्याकडे बघत नाहीत.

अधीक्षक : का? त्यांचा काय संबंध?

सिस्टर : त्यांना वाटतंय मीच बांधली. पाहुण्या येणार, मला ढाल मिळणार, म्हणून मी घंटेचं तोंड बंद केलं. आमची धाकटी, ती नवीन पोरगी, तोंडावर म्हणाली, "सिस्टर, चारचौघांत शोभा नको असेल तर आधीच सांगायचं होतं, आम्ही वाजवलीच नसती." सर, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी बोललं नव्हतं. आणि तिचं काय चुकलं? घंटा आज सोडली मी. पण पोरींचा हात दोरीकडे पुन्हा जाईल का, त्याची खात्री नाही. आणि तो गेला नाही, तर पुढची आजी पडेल तेव्हा तुम्हाला काही ऐकूच येणार नाही. छान शांत शांत वाटेल इथे खाली.

अधीक्षक : मी येतो वर. कार्यक्रम आटोपला की लगेच येतो, सगळ्यांना समजावून सांगतो. माझा शब्द.

सिस्टर : समजावू नका. वाजवा.

अधीक्षक : काय?

सिस्टर : घंटा. ज्याच्याकडून झालं त्याने स्वतः वाजवायची, हा नियम आहे. आणि आटोपल्यावर नाही, आत्ता. आम्ही आटोपल्यावर वाजवत नाही.

अधीक्षक : मी? सगळ्यांसमोर?

सिस्टर : धाकटीने पहिल्यांदा वाजवली तेव्हा तिला नोकरीला लागून पंधरवडासुद्धा झाला नव्हता. हात लटलट कापत होते. तिनेही सगळ्यांसमोरच वाजवली.

अधीक्षक : अहो, पण मी अधीक्षक आहे!

सिस्टर : तेच तर म्हणतेय मी. तिच्याजवळ गमावायला नोकरी होती. तुमचं काय जाणार आहे? घटकाभर मान खाली जाईल. ती येते पुन्हा वर.

हेडक्लार्क : सिस्टर, थोडं सबुरीनं घ्या. साहेबांचं बीपी...

सिस्टर : बीपीचं मशीन वरच आहे.

अधीक्षक : तुम्ही मला चांगलंच कोंडीत पकडलंय.

सिस्टर : सर, एक सांगू? प्रत्येक कॉटजवळ नातेवाइकांना बसायला खुर्ची असली पाहिजे, म्हणून तुम्ही वरच्या साहेबांशी भांडलात. सगळे हसले होते तुम्हाला. म्हणाले, हॉस्पिटल आहे की पाहुणचार? तुम्ही हटला नाहीत. त्या माणसाकडे आलेय मी. दुसरा कोणी या टेबलामागे असता तर बँडेज गुपचूप कचऱ्यात टाकलं असतं आणि ढाल घ्यायला साडी बदलून आले असते.

अधीक्षक : ते पान. पडण्याचं. भाऊसाहेब, ते कुठे आहे?

हेडक्लार्क : आपणच काल बाजूला काढायला सांगितलंत. या माझ्या फाइलमध्ये आहे.

अधीक्षक : परत लावा.

हेडक्लार्क : मागे परिशिष्टात टाकू का? तिथवर कोणी वाचत नाही.

अधीक्षक : पुढे लावा. सगळ्यात पुढे. डायलिसिसच्याही आधी. आणि वर एकच ओळ टाका : गेल्या वर्षी आम्ही सांगत नव्हतो, या वर्षी सांगू लागलो.

हेडक्लार्क : एवढंच? "उल्लेखनीय" वगैरे काही नको?

अधीक्षक : काही नको.

हेडक्लार्क : साहेब, शिपाई हात करतोय. पाहुण्यांची गाडी फाटकात आली वाटतं. आता काय करायचं? त्यांना सभागृहात बसवतो, तुम्ही मागच्या जिन्यानं पटकन...

अधीक्षक : मागच्या जिन्यानं कशाला? चोरी केलीय का मी? म्हणजे, केलीय थोडी. नाही, पुढच्याच जिन्यानं जाऊ. आणि पाहुण्यांनाही वरच घेऊन या. बघायचंय ना त्यांना काम कसं चालतं? बघू देत.

सिस्टर : नक्की ना, सर? मी फक्त पोरींसमोर म्हणाले होते.

अधीक्षक : आता तुम्ही मागे सरकू नका हं. मोठ्या मुश्किलीनं उभा राहिलोय. माझे पण हात कापतायत, बघा.

सिस्टर : दोरी धरली की थांबतात. मला माहीत आहे.

हेडक्लार्क : सिस्टर, म्हणजे कसं आहे... मलाही वाजवावी लागेल का?

सिस्टर : दोरी लांब आहे, भाऊसाहेब.

(वरचा वॉर्ड. घंटा वाजते, मोकळी, खणखणीत. पावलं धावत येतात.)

सिस्टर : हळू गं, हळू. कोणी पडलेलं नाही. धाकटे, तू अशी पुढे ये. इकडे बघ. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

अधीक्षक : मी वाजवली. म्हणजे... घंटा सिस्टरांनी बांधली नव्हती. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. हे आधी सांगायचं होतं.

आजी : कोण आहे गं? कोण वाजवतंय? मला इथून दिसत नाही.

अधीक्षक : मी आहे, आजी. नमस्कार. कोपर फार दुखतंय का?

आजी : दुखणारच. टाके काय गोंजारायला घालतात?

अधीक्षक : आजी, ते माझ्यामुळे झालं. सगळी चूक माझी आहे. मीच काल...

हेडक्लार्क : साहेब, पाहुण्या दारात उभ्या आहेत. सगळं ऐकतायत.

अधीक्षक : ऐकू देत. आजी, मीच ते...

आजी : अरे, मी मी काय लावलंयस? इथे कोणी केलं ते विचारत नाहीत, एवढं सुद्धा ठाऊक नाही तुला? नवीन दिसतोस. घाबरू नकोस, इथे कोणी ओरडत नाही. ती खुर्ची ओढ, बस माझ्याजवळ, आणि सांग बघू नीट, कसं झालं?