सुमनआत्याची अ‍ॅडमिनकी

हसू नका, पोलिसांच्या भीतीने मी पण एकदा पळालोय. शहाद्याला आमच्या भाऊबंदांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, साठ जणांचा. एकाने त्यावर बातमी टाकली की चुकीचा मेसेज फिरला तर अ‍ॅडमिनला धरणार. अ‍ॅडमिन होते अण्णा. ते लगेच ग्रुपातून बाहेर! आता अ‍ॅडमिन निघाला की व्हॉट्सअ‍ॅप आपल्या मनाने दुसऱ्याला अ‍ॅडमिन करतं. तो मान काकांना मिळाला, काका पळाले. मग मला मिळाला. मी तर जेवण अर्धं टाकून पळालो.

संध्याकाळपर्यंत एकटी सुमनआत्या उरली, कारण तिला ग्रुपातून बाहेर कसं पडायचं तेच येत नव्हतं. सकाळी तिचा फोन, "सगळा कोठे ग्यात रे? मन्हं काय चुकनं?"

मी खजील होऊन बातमी सांगितली.

"बस इतलंच? मन्ही पोरनं लगीन शे. पत्रिका ग्रुपवरच टाकसू. ज्याले पंगतले येवानं शे त्याले सांग, पहिले ग्रुपमा ये."

तिच्या लेकीने तासाभरात बाकीचे एकोणसाठ परत घेतले. मग नव्या अ‍ॅडमिनचा आवाजी मेसेज आला, "कोणी उलटंसुलटं टाकं तं पोलीस मंग येतीन. पहिले मी येसू."