घट्ट झाकणाचा डबा

आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या गोदामाचे मालक, ज्यांच्या शब्दाला आम्ही सगळे मान देतो ते मालकसाहेब. व्यासपीठावर उपस्थित असलेले वकीलसाहेब आणि व्यवस्थापकसाहेब. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले चौकीदार मामा. पहिल्या रांगेत बसायला नको म्हणत असताना आपण सगळ्यांनी बसवलेल्या मामी. आणि माझे हमाल, चालक, कारकून बंधू-भगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायची सवय नाही. माझं शिक्षण अर्धवट राहिलं, म्हणून मी लिहून आणलं आहे. 

आपल्याकडे निवृत्त होणारा चौकीदार आपली दुनळी बंदूक नव्या चौकीदाराच्या हातात देतो. आज तो नवा चौकीदार मी आहे. बंदूक इथे टेबलावर, पुष्पगुच्छाच्या शेजारी ठेवली आहे. पुढच्या रांगेतल्यांनी काळजी करू नये. ती रिकामी आहे. मी दोनदा उघडून पाहिली आहे.

मामांबद्दल काय बोलावं? ते वक्तशीर होते, हे सगळ्यांना माहीत आहे. ते घोरत, हेही माहीत आहे. पण ते काम कसं करत, हे त्यांच्याबरोबर चौकीत बसलेल्यालाच माहीत. मामांची बंदूक दाराशी खुंटीला असे आणि काडतुसं समोरच्या फळीवर, चहापत्तीच्या जुन्या डब्यात. त्या डब्याचं झाकण इतकं घट्ट, की चमच्याचा दांडा घालून उचकटावं लागे.

माल बांधायचं काम सोडून चौकीत आलो, त्या पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मामा, चोर काय झाकण उघडेपर्यंत थांबेल?"

मामा म्हणाले, "अरे शंकासुरा, झाकण चोरासाठी नाही. माझ्यासाठी आहे. मी भित्रा माणूस. मांजर आडवं गेलं तरी दचकतो. भित्र्याच्या हातात भरलेली बंदूक म्हणजे माकडाच्या हाती कोलीत."

(शंकासुर हे माझं नाव मामांनीच ठेवलं. आता पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चालतं.)

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सुट्टीचा दिवस, भर दुपार. व्यवस्थापकसाहेब माल मोजायला आले होते. मागच्या शेडचा पत्रा वाजला. पाहतो तर छपरावर एक माणूस, आणि त्याच्या खांद्यामागून नळी वर आलेली. व्यवस्थापकसाहेब म्हणाले, आणि ते नाही म्हणणार नाहीत, "मामा, त्याच्याकडे बंदूक आहे. बघताय काय, घाला गोळी." मलाही बंदूकच दिसली. शपथेवर सांगायची वेळ आली असती, तर मी बंदूकच सांगितली असती.

मामा फळीकडे गेले. डबा पोटाशी धरला. चमचा शोधला. साहेब ओरडले, "आता काय चहा करताय का?"

झाकण हलेना. मग मामांनी खिडकीतून हाक मारली, "ए बाबा, खाली उतर. पत्रा कुजलाय, पडशील."

तो माणूस दचकला. पाठीवरची मोळी सुटली आणि खणखणत खाली आली. आपल्याच गोदामातले तांब्याचे पाइप. आम्हाला दिसलेली बंदूक ती हीच. माणूस भिंतीपलीकडे उडी मारून पळाला. पितळी नळांची एक पिशवी त्याच्याबरोबर गेली. एक चप्पल तेवढी पन्हळीत अडकून राहिली. आणि झाकण? ते तोपर्यंत उघडलंच नव्हतं.

मालकसाहेब रागावले. त्यांचा राग खोटा नव्हता. हातगाडीवर नळ विकण्यापासून त्यांनी हे उभं केलं. इथून एक पिशवी गेली, की त्यात आपल्या सगळ्यांच्या चुलीचं काहीतरी जातं. ते वकीलसाहेबांना म्हणाले, "माझ्या मालाचं रक्षण करायचा मला हक्क नाही का?"

वकीलसाहेब त्या दिवशी जे बोलले, ते मी घरी जाऊन लिहून काढलं. चुकलं असेल तर त्यांनी इथेच दुरुस्त करावं. ते म्हणाले, "हक्क आहे. चोराला अडवा, धरा, ढकला. पण लागेल तेवढंच बळ वापरा. जीव घेण्यापर्यंत जायचं, तर तो माणूस मालावर नाही, कोणाच्या तरी जिवावर उठलेला असावा, आणि मदत मागायला वेळ उरलेला नसावा. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर ते रक्षण नाही, ती शिक्षा झाली. आणि नळ चोरल्याबद्दल फाशी तर न्यायाधीशसुद्धा देऊ शकत नाही."

मला शंका आलीच. मी विचारलं, "साहेब, पळणाऱ्याच्या हातात कोयता असला तर?"

"मग कोयताही जाऊ दे त्याच्याबरोबर."

"आणि कोयता घेऊन अंगावर आला तर?"

"मागे सरायला जागा असेल तर सर. ओरडायला वेळ असेल तर ओरड. दोन्ही नसेल, तर कायदा तुझ्या बाजूने उभा राहील. पण उभा राहील कोर्टात, आणि तिथे तूही उभा असशील."

हे ऐकून मामा एवढंच म्हणाले, "म्हणजे आमचा डबा कायद्यात बसतो की."

खरंच बसतो. झाकण उघडण्याइतका वेळ आहे, तर हाक मारायलाही वेळ आहे. मामांनी कायदा वाचला नव्हता. त्यांनी फक्त स्वतःची भीती ओळखली होती.

त्या चपलेचं काय झालं, हे फार जणांना माहीत नाही. मामांनी ती फाटकाबाहेरच्या खिळ्याला अडकवली. मी म्हटलं, पोलिसांना द्या. ते म्हणाले, "त्यांनी पाहिली, नको म्हणाले. एका चपलेचं ते तरी काय करणार?" बरेच दिवस ती तिथे लोंबकळत होती. एका सकाळी पाहिलं, तर नाही. हमालांनी थट्टा केली, की चोराने अखेर स्वतःचाच माल चोरला. मीही हसलो. मग मामा म्हणाले, "स्वतः आला न्यायला. पांढऱ्या कपाळाने त्याची बायको नाही आली." 

आता नवा हुकूम असा आहे, की बंदूक कायम भरलेली ठेवायची आणि डबा टाकून द्यायचा. मालकसाहेब, मी तुमचं मीठ खातो. या नोकरीवर माझ्या धाकट्या बहिणीचं शिक्षण चाललं आहे.  पण मामा स्वतःला भित्रे म्हणवतात, आणि मी मामांपेक्षा भित्रा आहे. मला छपरावरचा पाइपसुद्धा बंदूक दिसतो. मी रात्रभर पहारा देईन, घसा फुटेपर्यंत ओरडेन, चोराच्या मागे धावेन. पण भरलेली बंदूक माझ्या हाताशी ठेवू नका. आणि ठेवायचीच असेल, तर मला पुन्हा माल बांधायला पाठवा. पगार कमी मिळेल. झोप लागेल.

वकीलसाहेबांनी वेळोवेळी माझ्या शंका फुकट ऐकल्या, त्यांचे आभार. व्यवस्थापकसाहेबांचे आभार, कारण मी त्यांची गोष्ट सांगत असताना ते उठून गेले नाहीत. मालकसाहेबांनी मला बोलू दिलं, त्यांचे सर्वांत जास्त. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, कुठे मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. बोलण्यातली चूक पोटात घालता येते. तिची माफी मागायला समोर माणूस असतो.

मामा, तुमच्या पायाशी जी कापडी पिशवी आहे, तिच्यात काय आहे ते मला माहीत आहे. मामींना घरी चहापत्तीला दुसरा डबा मी आणून देईन. मालकसाहेब होकाराची मान हलवत असतील तर उठा, आणि आधी तो डबा माझ्या हातात द्या. बंदूक मग.