बर्फात तेरा अंश

“हॅलो? … हां, बोल गं चिऊ. … नाही नाही, मोकळीच आहे. दुपारचं दूध यायचंय अजून. बोल.”

थोरली डेअरीच्या तपासणीच्या खोलीत स्टुलावर बसली होती. समोर ओट्यावर कुटलेल्या बर्फाचा पेला आणि त्यात उभा केलेला थर्मामीटर. दुधाची खेप आली की आधी थर्मामीटर बर्फात बुडवायचा, शून्य दाखवतो ना हे बघायचं, वहीत सही करायची आणि मगच दुधाला हात लावायचा, हा तिचा एकवीस वर्षांचा नेम. देवापुढे दिवा लावावा तितक्या निष्ठेने ती तो पाळायची. त्यात धाकटीचा फोन आला, म्हणजे दुपार गोडच झाली म्हणायची.

“बाबांनी विचारायला सांगितलंय? मग स्वतः का नाही फोन केला? … हां, कानाचं मशीन काढून झोपलेत. म्हणजे आता पाचपर्यंत कानाशी ढोल बडवला तरी उठायचे नाहीत. बरं, काय हवंय साहेबांना? … नवा थर्मामीटर? अगं, गेल्या महिन्यात मी पाठवला तो? डिजिटल, लांब वायरचा?”

बाबा म्हणजे उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. सेकंदाचा फरक राहिला तर जेवायला उठायचे नाहीत. दुकान बंद केलं, हातांना काम उरेना, तेव्हा घरच्या घरी आल्याची बियर करायला लागले. आलं, साखर, लिंबू, चिमूटभर यीस्ट. रविवारी त्यांना पंचाहत्तर पूर्ण व्हायची होती आणि पाहुण्यांसाठी चोवीस बाटल्या भरून तयार होत्या. जुना काचेचा थर्मामीटर फुटला म्हणून थोरलीने हौसेने नवा पाठवला होता.

“ते आपण बघू. नवा घ्यायचाच असेल तर ऐक. … अगं ऐक ना. पहिलं म्हणजे दशांशाला भुलायचं नाही. खोटं बोलणारा थर्मामीटरसुद्धा अगदी दशांशापर्यंत खोटं बोलतो. … हसू नकोस, खरंच सांगतेय. दुसरं, आकडा पटकन स्थिर झाला पाहिजे. चार-पाच सेकंदांत. तिसरं, प्रोब. … प्रोब म्हणजे ती सळई गं, पाण्यात घालायची. वायर जिथे सळईत शिरते ना, तो सांधा पक्का बंद हवा. दुकानदाराला स्पष्ट विचार, अख्खा पाण्यात बुडवला तर चालेल का? तो अडखळला, की ठेव परत. … काय होतं म्हणजे? पाणी आत गेलं की डोकं फिरतं त्याचं. आहे त्याहून जास्तच दाखवत सुटतो. … बरं, पण मी पाठवलेल्याला धाड काय भरली?”

“एक्केचाळीस? नुसता टेबलावर पडलाय आणि एक्केचाळीस? मग घराला ताप आलाय, काढा पाज.”

ती हसली. आणि हसता हसताच तिची नजर समोरच्या पेल्यावर गेली. हसू ओठांवर तसंच राहिलं.

“चिऊ, थांब. एक मिनिट. … तुमच्याकडे गार आहे ना आज? स्वेटर घातलायस? … आणि हा एक्केचाळीस म्हणतोय. … कधीपासून? … आजच पाहिलंस. म्हणजे ठाऊक नाही कधीपासून. … नाही गं, घाबरवत नाहीये. एक काम कर. फ्रीजमधला बर्फ काढ. फडक्यात बांध आणि लाटण्याने कूट. हो, आत्ता. … हो, हो… मी आहे फोनवर.”

लाटण्याचे ठोके तिला ऐकू येत होते. एकेक ठोका छातीवर पडल्यासारखा.

“झालं? आता पेला गच्च भर बर्फाने. पाणी अगदी थोडं, बर्फ तरंगायला लागता कामा नये. ढवळ. सळईचं टोक मधोमध धर, काचेला टेकवू नको. आणि मला आकडा सांग. … उतरतोय ना, उतरू दे. … ढवळत राहा. … थांबला? किती? … तेरा? … नीट बघ, शून्य पूर्णांक तेरा नाही ना? … तेरा.”

वितळत्या बर्फात तेरा. एकवीस वर्षांत तिने पाव अंशाचा फरक आला म्हणून थर्मामीटर बाद केले होते.

“चिऊ, आता मी विचारते त्याची नीट उत्तरं दे. बाटल्या पातेल्यात उकडल्या… उकडल्या म्हणजे पासष्ट अंशावर ठेवल्या, तेव्हा हाच होता ना? … हाच. आणि सळई कशी बुडवली होती बाबांनी? … उघड्या बाटलीत पाणी भरून, तिच्यात सोडली. बरोबर आहे. … पण पूर्ण? वायरीसकट? दोरा बांधून तळापर्यंत? … अगं पण डब्यात कागद होता! लिहिलेलं होतं त्यावर, फक्त सळईचं टोक बुडवा, सांध्याला पाणी लागू देऊ—”

ती मध्येच थांबली. डबा बाबांपर्यंत पोचलाच नव्हता. त्यावर किंमत छापलेली होती. बाबांनी किंमत पाहिली असती तर, एवढा खर्च कशाला, म्हणून वस्तू परत पाठवली असती. म्हणून तिने डबा फेकला, कागदासकट, आणि थर्मामीटर छान रंगीत कागदात गुंडाळून पाठवला. लेकीची माया ती. माणूस मायेने करतो ते तपासून बघायचं त्याच्या मनातही येत नाही. दूध तपासतो, माया तपासत नाही.

“हॅलो? … हो, आहे मी. आहे. … ऐक, सांगते. झाकण लावलं तरी आत यीस्ट साखर खातच असतं, वायू होतच असतो. फेस आला की पासष्टवर नेऊन ते मारायचं असतं. थर्मामीटर पासष्ट म्हणाला. पाणी पन्नासही नसेल. … हो. म्हणजे मेलंच नाही ते. … किती दिवस झाले त्याला? … नऊ. नऊ दिवस त्या काचेच्या बाटल्या आतून फुगतायत, चिऊ. … नाही, झाकण उडेल असं नाही. बाटली फुटेल. तुकडे होऊन. … कुठे ठेवल्यात?”

“कुठे?”

“बाबांच्या पलंगाखाली.”

हे शेवटचं तिने विचारलं नाही, नुसतं उच्चारलं. रविवारच्या आत कोणी पिऊन टाकू नये म्हणून बाबा स्वतः पहाऱ्यावर होते. चोवीस बाटल्यांवर निजून.

“आत्ता तिथेच झोपलेत? … चिऊ, ओरडू नकोस. … अगं रडू नकोस, रडायला मग भरपूर वेळ आहे. … काय? सकाळी काय पुसलंस? … पलंगाखालून चिकट ओघळ? आणि तुला वाटलं खोकल्याचं औषध सांडलं. … हात घालून पुसलंस? आत? … देवा.”

म्हणजे एक बाटली चिरली होती. निमूटपणे चिरली म्हणून निभावलं. उरल्या तेवीस. थोरलीने ओट्याची कड घट्ट धरली. बस धरून निघाली असती तरी पोचायला रात्र. इथून तिच्याजवळ फक्त आवाज होता, आणि तिकडे बाबांना आवाजच ऐकू येत नव्हता.

“नाही, आत जाऊ नकोस! … ऐक माझं, जाऊ नकोस. … हो, माहितीये ते बाबा आहेत! माझेही आहेत! पण तू पलंगाला हात लावलास, बाटलीला बाटली घासली तर? … गप, जरा विचार करू दे. हाका मारून उपयोग नाही. दार वाजवून नाही. … उशी फेकून? नको, दचकून पाय आपटतील. … चिऊ. चिऊ, पंखा! पंखा चालू आहे ना? थंडीतसुद्धा लागतो त्यांना. पंखा थांबला की हे जागे होतात. लहानपणापासून बघतोय आपण. वीज गेली की सगळं घर झोपलेलं आणि हे एकटे उठून बसलेले! मेन स्विच बाहेर आहे ना, पॅसेजमध्ये? … शाबास. पण आधी तुझ्या नवऱ्याचं हेल्मेट घाल. … हो, डोक्यात. काच खाली घे. जाड कोट असेल तो घाल. … कसं दिसतं ते मरू दे!”

“आणि थांब. स्विच बंद करायच्या आधी ऐक. उठल्यावर ते काय करतात? … नाही, त्याच्याही आधी. काठी. काठीने पलंगाखालच्या चपला ओढतात. … हो! तेच म्हणतेय मी! काठी बाटल्यांत गेली तर? म्हणून ते उठून बसले रे बसले की तू दारात उभी राहा, त्यांना दिसशील अशी. हात जोड, पाय पड, काहीही कर, पण चपला घेऊ द्यायच्या नाहीत. अनवाणी बाहेर. … फोन स्पीकरवर टाक आणि खिशात ठेव. मी बोलणार नाही. जा. देव आहे पाठीशी. जा.”

मग खटका पडल्याचा आवाज आला. आणि काहीच नाही.

थोरली डोळे मिटून बसली. ओठ हलत होते, पण देवाचं नाव की नुसता श्वास, तिचं तिलाही कळत नव्हतं. समोर पेल्यातला बर्फ किंचित खचला, खळ्ळ झालं, आणि ती स्टुलावरून उठलीच.

“काय झालं? काय वाजलं? … नाही, ते इकडेच. इकडेच. … उठले? बसलेत? … काय करतायत? … हसतायत? हेल्मेट बघून हसतायत? … हसू दे, हसू दे! हात कर, ये म्हण! … काठी घेतली? नको! चिऊ, काठी नको! … आपल्या गुडघ्यावर हात ठेवून दाखव, ‘उठा’ म्हणून खूण कर. … उठले. … येतायत. … बरं. … बरं. … आता कुठे वळले? … मशीन? खिडकीतलं कानाचं मशीन? राहू दे म्हणावं! नाही, नाही, खिडकी पलंगाला लागून आहे गं! ओढ त्यांना! हात धर आणि ओढ! चिऊ, ओढ!”

धाड्.

फोनमधून आला तरी तो आवाज खोलीभर झाला. पाठोपाठ काच सांडत जावी तसं काहीतरी, बराच वेळ.

“चिऊ? … चिऊ! … बोल ना गं, हो म्हण, नाही म्हण, काहीतरी म्हण! … चिऊऽ!”

दारात दुधाचे कॅन घेऊन आलेले दोघे जागच्या जागी उभे राहिले. थोरलीचं तिकडे लक्ष नव्हतं.

“… हां. … हां, ऐकतेय. … दार लावलंस? बाबा बाहेर आहेत? तुझ्याजवळ? हात लावून बघ त्यांना. … रक्त? कुठे? … तुझ्या पायाला. फटीतून आली काच. … खोल आहे का? … नुसती चाटून गेली. नक्की ना? नक्की? … बरं. आता त्या दाराशी थांबायचं नाही. दोघंही अंगणात. चला. मी आहे. … नाही, उघडून बघायचं नाही. एकदाही नाही. … मशीन आतच राहिलं? राहू दे.”

ती परत स्टुलावर बसली.

“कोणाला द्यायचाय? … अगं त्यांना ऐकू कुठे येणारे आत्ता! … बरं, दे. … बाबा? … बाबा, लागलं नाही ना तुम्हाला? … हो, पासष्ट. पासष्टच होतं. … हो बाबा, तुम्ही बरोबर वाचलंत. अर्धा तास ठेवलंत, दहा मिनिटांऐवजी, माहितीये. … तुमचं नाही चुकलं. … नाही, हात थरथरतात म्हणून नाही! वय झालं म्हणून नाही! बाबा, चूक माझी. … माझी! … मी म्हणतेय, मी! कागद मी फेकला! किंमत दिसू नये म्हणून! … काय म्हणालीस म्हणजे? … बाबा, मी फेकला, मी!”

कॅन घेऊन उभे असलेले दोघे खाली बघू लागले.

आणि तिच्या कानात पुन्हा तेच झालं, भिंतीपलीकडून आल्यासारखं, दबून. धाड्. लगेच आणखी एक. धाकटीची किंकाळी ऐकू आली, पण बाबांच्या बोलण्यात खंड पडला नाही.

“… नाही बाबा. काही नाही झालं. बोला तुम्ही. … हो, नवा घेऊ या. … हो, चांगला. … कुठला ते मी सांगते. मी स्वतः घेऊन येते. आजच निघते. … बाबा, घरात नका जाऊ. ऐकू येतंय? घरात नका— हॅलो? … हॅलो? … चिऊ, घे गं त्यांच्या हातून फोन… हॅलो?”

फोन कट झाला होता. बाबा हातात फोन आला की नेहमी चुकीच्या जागी बोट ठेवायचे. तेवढंच झालं असेल. तेवढंच. तिने परत लावला. बिझी लागला, धाकटीही तिकडून लावत असणार.

“ताई, दूध,” त्या दोघांपैकी एकजण हळूच म्हणाला.

थोरलीने मान हलवली. पेल्यातल्या थर्मामीटरकडे पाहिलं. शून्य. तिने तो बाहेर काढला, कोरडा पुसला, बर्फ नव्याने ढवळला आणि परत बुडवला. शून्य. पुसला. पुन्हा बुडवला.