हैदर नदाफाची बिनगादीची रात्र

मंडळी, एक सांगा बरं. माफी कुणाची मागणं सोपं? परक्याची, की घरच्याची? हां, पुढच्या रांगेतल्या काकू हसल्या. त्यांना उत्तर ठाऊक आहे! बाकीच्यांनी ऐका.

मिरजेकडच्या एका पेठेत हैदर नदाफ नावाचा गादीवाला होता. कापूस पिंजावा तर हैदरनं! अर्ध्या पेठेच्या लेकी त्याच्या गाद्या घेऊन सासरी गेल्या. आणि स्वतःला खोड अशी, की डोक्यावरून गोधडी ओढल्याशिवाय डोळा लागत नसे. भर उन्हाळ्यातसुद्धा!

हा हैदर हजला निघाला. हजला जाणाऱ्याची एक रीत फार गोड आहे. घरोघर जायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, 'कहासुना माफ करा.' बोललं-चाललं विसरून जा. हैदर वाण्याकडे गेला, न्हाव्याकडे गेला, मारुतीच्या पुजाऱ्याकडेही गेला. एकच दार सोडलं — अगदी समोरचं! सख्ख्या धाकट्या भावाचं, दिलावरचं.

का? तर दिलावरनं फोमच्या गाद्यांचं दुकान काढलं. हैदर भर बाजारात म्हणाला, "बापाचं नाव लावतो आणि भांडी घासायचा स्पंज विकतो." लोक हसले. दुसऱ्या दिवशी दिलावरनं पाटीवरचं बापाचं नाव खरवडून काढलं. तेव्हापासून दोन्ही दुकानं उघडी, दोन्ही तोंडं बंद.

हैदरची बायको शमशाद म्हणाली, "तेवढं एक दार राहिलं."

"धाकट्यानं यायचं असतं," हैदर म्हणाला.

बघा! मक्केला निघालाय, आणि ताठा सामानात! विमानात सगळ्याचं वजन करतात हो, ताठ्याचं कुणी करत नाही. आणि देवाची गंमत अशी, की दिलावरही त्याच जथ्यात निघाला.

मक्केबाहेरच्या अराफातच्या मैदानात हैदरनं दिवसभर रडून अल्लाहची माफी मागितली. सूर्य मावळला आणि सगळे जवळच्याच मुझदलिफाच्या माळावर आले. तिथं रात्र काढायची उघड्यावर. ना तंबू, ना खाट. अंगावर बिनशिवलेली दोन पांढरी वस्त्रं, खाली चटई, वर आभाळ. लाखो माणसं — शेठ कोण, हमाल कोण, ओळखून दाखवा! आणि पुरुषानं डोकं झाकायचं नाही. झाकलं की नेमात खोट आली.

हैदर घाबरला. जागेपणी सांभाळीन, झोपेत काय करू? जन्मभराची पुण्याई गोधडीच्या खोडीपायी जायची! सोबत आलेली शमशाद बायकांच्या पथारीवर, पलीकडं. सांगायचं कुणाला? उद्या रीतीप्रमाणे सैतानाच्या खांबाला मारायचे खडे त्यानं वेचले आणि ठरवलं, बसूनच रात्र काढायची. पण थकलेला देह तो. कीर्तनात बसल्याबसल्या पेंगणारे आपण, आपण त्याला काय हसायचं! कलंडला.

पहाटे जाग आली. कपाळाला गार वारा लागत होता. डोकं उघडंच होतं. हैदरला हायसं वाटलं. मग त्यानं शेजारी पाहिलं. दिलावर बसला होता. डोळे लाल, आणि हैदरच्या अंगावरच्या पांढऱ्या चादरीचं टोक त्याच्या मुठीत.

दोघं त्यांच्या घरच्या बोलीत, दखनीत बोलले, मी मराठीत सांगतो.

"तू झोपला नाहीस?"

"कसा झोपणार, भाई. डोळा लागला की तुम्ही चादर डोक्यावर ओढता. लहानपणी एका गोधडीत निजायचो, सगळी तुम्हीच ओढून घ्यायचा. विसरेन होय?"

"मला उठवायचं होतंस."

"उठवलं असतं तर पाठ फिरवली असती तुम्ही."

खरंच होतं ते. पेठभर वाटून आलेले शब्द, इथं ओठावर येईनात! शेवटी त्यानं भावाचे हात धरले.

"बाजारात बोललो ते फार वाईट बोललो. अब्बांचं नाव तुझंही आहे. पाटीवर परत लाव. मला माफ कर."

दिलावरनं डोळे पुसले. मग म्हणाला, "लावतो. आता अजान होईपर्यंत जरा पडू द्या."

धाकटा आडवा झाला, आणि थोरला त्याच्या उशाशी बसून राहिला.

मंडळी, हैदरचा हज कबूल झाला की नाही, ते वरच्याला ठाऊक. मी तुमचं विचारतो! आता कीर्तन संपलं की तुम्ही माझ्या पाया पडाल. मी लांबचा माणूस, माझ्या पाया पडायला काय जातं? पण तुमचा न बोलणारा भाऊ, तुमची अबोला धरलेली जाऊ याच मांडवात बसलीय. खांबाच्या अलीकडं तुम्ही, पलीकडं ती. मला इथून सगळं दिसतं हो! आरतीचं ताट निघालंय. ते आधी खांबापलीकडं न्या. मग माझ्याकडं या.