दीड हात दोर

दोराच्या दुकानातल्या रांगेत शिडं शिवणारी बाई उभी होती. पुढच्या बापलेकीचं बोलणं तिला ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

"बाबा, दीड हातच दोर घ्यायचाय."

"कशाला? होडी विकायची ठरलंय ना? परवा भर वाऱ्यात शीड गुंडाळेना, की सुटेना. दोर ओढून ओढून तुझ्या आईचे तळहात सोलवटले."

"शीड जुनं घेतलं, तेही आखूड. म्हणून त्याच्या वरच्या टोकाची, गुंडाळताना शिडाबरोबर फिरणारी फिरकी खालीच राहते. मग शीड चढवायचा दोर, शीड जिच्याभोवती गुंडाळतं त्या पुढच्या तारेला चिकटून जातो आणि गुंडाळताना तिलाच वेढे घालतो."

"बरं, मग?"

"शीड आणि फिरकीच्या मध्ये हा दोर बांधायचा. फिरकी पार वर जाईल आणि चढवायचा दोर तारेपासून लांब, डोलकाठीकडे राहील."

"कुणी सांगितलं हे शहाणपण?"

"आईनं. रोज धक्क्यावर बसून दुर्बिणीतून डोलकाठीच्या टोकाकडे बघत असते."

"ती? ती तर म्हणते, विका एकदाची ती होडी!"

"तुमच्यासमोर म्हणते."

"बोला, काय देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"दीड हात दोर," बाबा म्हणाले. "आणि हातमोजे दाखवा. बायकांच्या मापाचे."