खंडेनवमीची कार्डं

१९९८ सालच्या दसऱ्याचा दुसरा दिवस. इस्लामपूर-मिरज एसटीत हिंदुराव झोपेचं सोंग घेऊन पुढचं बोलणं कान देऊन ऐकत होते. पुढच्या बाकावर विश्रामबागेतल्या एका पतसंस्थेचा वॉचमन बाळासो तावातावानं बोलत होता. शेजारी बसलेल्या प्रबुद्धनंच संस्थेला कार्डानं उघडणारी काचेची दारं बसवून दिली होती.

"मला सस्पेंड केलं, गड्या! का, तर काच फोडली!"

"आरं, पण फोडलीस कशाला?"

"खंडेनवमीला हत्यारं पुजत्यात का न्हाई? चेअरमन म्हणाले, आता कार्ड हेच आपलं हत्यार. समद्यांची कार्डं गोळा करून पाटावर मांडली."

"मास्टर कार्ड तरी भाईर ठेवायचं!"

"त्येला तर मधोमध मानाची जागा! आरती झाली, समदी संस्थेच्या पाटीसमोर फोटो काढायला भाईर आली, अन् दार मिटलं."

"आन् कार्डं आत."

"समईबी आत! ती कलंडली, पडदा पेटला. चेअरमन वरडले, 'बाळासो, कायतरी कर!' मी खुर्ची घातली काचंत, आग विझवली."

"मग सस्पेंड कशापायी?"

"म्हणं, बिनकार्डाचा आत शिरलास! नियम मोडलास!"

"लाज न्हाई वाटत त्यास्नी?"

"आज अकराला जबाब द्यायला या म्हणं. अन् कार्ड घेतलंय काढून! आत जाऊ कसा, सांग की!"

"नवी काच मी दुपारी बसवणार हाय. तवर परवाच्याच भोकातनं शीर."

कंडक्टरनं 'विश्रामबाग!' असा पुकारा केला. दोघं उतरले. हिंदुरावांचं तिकीट मिरजेचं होतं, तेही उतरले.